दादरच्या फलाटावरचा हट्ट

अगं, साडेतीन वर्षांचा मुलगा दादरच्या फलाटावर लोळण घेतो म्हणून तो बिघडलाय असं मनात आणू नकोस. काय घडतं ते बघ. तू चॉकलेटला नाही म्हणतेस, तो रडतो, तू ओरडतेस, तो किंचाळतो, लोक वळून बघतात आणि तू देऊन टाकतेस. किंचाळलं की मिळतं, हे तो शिकला. दिलं की शांत होतो, हे तू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गेराल्ड पॅटरसन यांनी हेच चक्र मांडलं. दोष एकट्या तुझा नाही, काही मुलं मुळातच तापट असतात.

रोज 5 मिनिटं त्याच्याजवळ खाली बस. मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांच्या आईबाबा आणि मूल यांच्यासाठीच्या उपचारपद्धतीत आईबाबांना हाच गृहपाठ असतो. खेळ त्याचा, सूचना नाहीत, प्रश्न नाहीत. "गाडी किती हळू लावलीस, छान!" एवढंच. दिवसभर त्याने कितीही छळलं तरी ही मिनिटं शिक्षा म्हणून कापायची नाहीत.

आणि नाही म्हणजे नाहीच. आजीलाही आधी सांगून ठेव. सुरुवातीला रडणं वाढेल, डगमगू नकोस. मारणं मात्र पूर्ण बंद. शाळेतूनही तक्रारी येत असतील तर केईएम किंवा सायनच्या मानसोपचार विभागात दाखव, लाजू नकोस.