तेल संपणार म्हणतात, मग पेट्रोलियमला जाऊ का?

प्रश्न : मी लोणेऱ्याला केमिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला ‘इमल्शन वापरून साठ्यातलं उरलेलं तेल काढणं’ हा विषय घेतला आणि त्याची गोडीच लागली. पेट्रोलियममध्ये एम.टेक. करावंसं वाटतंय. बाबा म्हणतात, इलेक्ट्रिक गाड्या आल्या, तेलाचा धंदा बसणार. शिवाय मुलीने वाळवंटात जाऊन काय करायचं?

उत्तर : बाबांची धास्ती अगदीच अनाठायी नाही. तेलाचे भाव पडले की कंपन्या आधी नवी भरती थांबवतात. पण तू निवडलेला विषय नवे साठे शोधण्याचा नाही, हाती असलेले पिळून घेण्याचा आहे. नैसर्गिक दाब आणि वरून सोडलेलं पाणी यांवर साधारण एक तृतीयांश तेल वर येतं, बाकीचं दगडाच्या छिद्रांत अडकून बसतं. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्राने अशा वाढीव उत्पादनासाठी सवलतींचं धोरण आणलं.

आता विषयाबद्दल. पाणी पातळ असतं, ते मोकळ्या वाटेने पुढे पळतं आणि घट्ट तेल मागेच राहतं. पाण्यात तेलाचे बारीक थेंब मिसळून, म्हणजेच इमल्शन करून सोडले, तर ते थेंब मोठ्या छिद्रांच्या तोंडाशी अडकतात आणि मागून येणाऱ्या पाण्याला न धुतलेल्या भागाकडे वळावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या मिडवे-सनसेट क्षेत्रात हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. संशोधक मॅकऑलिफ यांचे त्यावरचे १९७३ चे निबंध मुळातून वाच.

दुसरा प्रकार मायक्रोइमल्शनचा, म्हणजे तेल-पाण्याच्या फारच बारीक मिश्रणाचा. प्रयोगशाळेत काचेच्या बारीक नळ्यांची रांग असते. प्रत्येकीत निम्मं तेल, निम्मं सर्फॅक्टंटचं, म्हणजे साबणासारख्या रसायनाचं पाणी. फक्त मिठाचं प्रमाण नळीगणिक वाढत जातं. साठ्याच्या तापमानाला ओव्हनमध्ये त्या काही आठवडे ठेवायच्या आणि थरांची उंची नोंदत राहायची. एखाद्या नळीत तेल आणि पाण्याच्या मधे तिसरा, मायक्रोइमल्शनचा थर उभा राहतो. तिथे दोघांमधला पृष्ठताण हजारो पटींनी उतरलेला असतो आणि अडकलेलं तेल सुटायला तेच हवं असतं. काम हे असं आहे, चिकाटीचं. रोज थरार हवा असेल तर कंटाळशील.

सेमिनारमध्ये एक गोष्ट गाळू नकोस : जमिनीखाली हवंहवंसं वाटणारं इमल्शन वर आलं की डोकेदुखी होते. तेल-पाणी वेगळं करायला डीमल्सिफायर (इमल्शन फोडणारं रसायन) घाला, तापवा, थांबा. परीक्षकाने विचारावा असा प्रश्न हाच. देशातलं उदाहरण हवं असेल तर गुजरातमधल्या विराज क्षेत्रात ओएनजीसीने अल्कली, सर्फॅक्टंट आणि पाणी घट्ट करणारं पॉलिमर एकत्र सोडून पाहिले आहेत; बाडमेरच्या मंगला क्षेत्रात पॉलिमरचं काम मोठ्या प्रमाणावर झालं आणि याच तिकडीची चाचणीही.

आता मुद्द्याचं. माझं मत विचारशील तर एम.टेक. केमिकलमध्येच कर आणि प्रबंध सर्फॅक्टंट-इमल्शनवर घे. मुंबईच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) तेलं आणि सर्फॅक्टंट यांचा स्वतंत्र विभाग आहे. ही विद्या तेलात चालली नाही तर रंग, साबण, कीटकनाशकं, औषधी मलमं, सगळीकडे चालते. पेट्रोलियमची पदवी मात्र एकाच दारावर उभी करते आणि ते दार कधी उघडं, कधी बंद. धनबादच्या आयआयटीचं पेट्रोलियम नावाजलेलं आहे, तिथे जागा मिळाली तर जरूर विचार कर. पण निव्वळ नावाला भुलून दुसरीकडे कुठेही लाखो रुपये फी भरू नकोस. ओएनजीसीने ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवरून भरती काढली की प्रॉडक्शनच्या पदांसाठी केमिकलवाल्यांनाही घेतात. जाहिरात दरवर्षी निघेल या भरवशावर मात्र राहू नकोस.

बाबांच्या वाळवंटाबद्दल : या विषयातलं बरंच काम प्रयोगशाळेत होतं. ओएनजीसीची साठ्यांवर संशोधन करणारी संस्था अहमदाबादला आहे आणि उत्पादन तंत्रज्ञानाची तर आपल्या पनवेलला, लोणेऱ्याहून सरळ मुंबई-गोवा रस्त्याने. फील्डवर जावं लागतंच, पण मुली जातात, राहतात, काम करतात. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर साधारण १४ दिवस काम आणि १४ दिवस सुट्टी अशी पाळी असते, हेही त्यांना सांग.

उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी पनवेलला विभागप्रमुखांच्या शिफारसपत्रासह आत्ताच अर्ज पाठव. तिथे महिनाभर नळ्यांतले थर मोजून कंटाळा आला नाही, तर बाबांशी पुन्हा बोल.