गोल फिरणारं चक्र आणि शोकेसमधला राउटर

‘नवा प्लॅन घेतला, तरी व्हिडिओ अडकतोच.’ हे वाक्य इतक्या पत्रांत आलं आहे की या वेळी सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

प्रश्न (नाशिक): १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण डाउनलोड करताना कॉम्प्युटर १२च दाखवतो. केबलवाला फसवतोय का?

नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट), डाउनलोड मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट. भागाकार करून पाहा.

प्रश्न (रत्नागिरी): आमचं जुनं जांभ्याचं घर. राउटर पुढच्या खोलीत शोकेसमध्ये, टीव्ही माजघरात. प्लॅन १००चा. गणपतीला मुंबईची मंडळी आली की टीव्ही थांबत थांबत चालतो. कंपनीचा माणूस म्हणतो ३००चा घ्या, दुकानदार म्हणतो वाय-फायचा बूस्टर लावा. कुणाचं ऐकू?

तूर्त कुणाचंच नाही. दोघांनाही काहीतरी विकायचं आहे आणि दोघांनीही तुमच्या घरात काही मोजलेलं नाही.

नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएसची आहे. म्हणजे चार जण चार पडद्यांवर बघत बसले तरी १०० पुरतात. ३०० घेतलेत तर ते राउटरपर्यंत येतील आणि शोकेसमध्येच अडकतील. टाकी मोठी केली म्हणून चोंदलेल्या नळाला धार येत नाही.

आधी हे करा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून तो लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. मग केबल काढून तोच लॅपटॉप टीव्हीशेजारी ठेवा आणि वाय-फायवर पुन्हा घ्या. दोन्ही आकडे कागदावर लिहा. पहिला नव्वदीत आणि दुसरा आठ-दहावर असेल, तर दोष तुमच्या भिंतींचा. पहिलाच कमी असेल तर कंपनीचा. पाहुणे असताना रात्री पुन्हा मोजा. एवढं न करता लोक वर्षाचा प्लॅन भरून मोकळे होतात आणि मग मला पत्र लिहितात!

वाय-फायच्या दोन लहरी असतात. २.४ गिगाहर्ट्झची भिंतीतून बऱ्यापैकी जाते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (लहरीतले स्वतंत्र पट्टे) तीनच : १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण जांभ्याच्या जाड भिंतीपुढे ढेपाळते. त्यात पाहुण्यांचे फोन. घरात पाऊल टाकताच ते दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवू लागतात. पडवीतल्या फोनला रेंज कमी, म्हणून तो हळूहळू बोलतो, आणि त्याचं बोलणं होईपर्यंत त्या चॅनेलवरच्या बाकीच्यांना गप्प बसावं लागतं, टीव्हीलासुद्धा.

दुकानातला स्वस्त बूस्टर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर पुढे सांगतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय लोक तो टीव्हीपाशी लावतात, जिथे मुळातच रेंज नसते. (आणि मोबाइलची रेंज वाढवणारा बूस्टर कुणी गळ्यात मारत असेल तर तो परवान्याशिवाय लावणं बेकायदेशीर आहे, हेही ऐकून ठेवा.)

राउटर शोकेसबाहेर काढून उंचावर ठेवा, आणि टीव्हीपर्यंत कॅट-६ केबल (लॅन केबलचाच एक प्रकार) ओढून घ्या. १०० मीटरपर्यंत ती चालते. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं, पुरेसं आहे. मात्र विजेच्या वायरिंगच्या पाइपातून केबल स्वतः घालू नका, जाणकार माणूस बोलवा.

प्रश्न (डोंबिवली): व्हिडिओत पाहून राउटरमागे फॉइल लावलं, डीएनएस बदललं. अजून काय करू?

फॉइल काढा. ते एका बाजूची रेंज ओरबाडून दुसरीकडे ढकलतं, नवीन रेंज तयार करत नाही. डीएनएसचं काम पत्ता शोधून देण्याचं. व्हिडिओ सुरू झाल्यावर त्याचा संबंध फारसा उरत नाही. बाकी वरचं उत्तर वाचा.

प्रश्न (पुणे): मायक्रोवेव्ह लावला की व्हिडिओ अडकतो. योगायोग?

नाही, तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर घ्या. ओव्हनचं दार नीट बसत नसेल तर वापर थांबवून मेकॅनिकला दाखवा.

प्रश्न (लातूर): मोबाइलवर सुरळीत, आठ वर्षं जुन्या टीव्हीवर मात्र अडकतं. नवा घ्यावा का?

आधी नको असलेली अ‍ॅप काढून जागा करा, टीव्हीचा प्लग मिनिटभर काढून ठेवा. तरीही अडकलं तर शेजाऱ्यांची स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीला मागे खोचून व्हिडिओ दाखवणारी कांडी) एका संध्याकाळपुरती मागून लावून बघा. चाललं, तर स्टिकवर भागेल.

प्रश्न (सांगली): पावसात दोन दिवसांपासून फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकतोय. आपोआप येईल म्हणून थांबलोय. मुलगा म्हणतो, पिवळी वायर काढून पुसू, नाहीतर रिसेट करू.

दोन दिवस कसली वाट बघताय? त्या दिव्याचा अर्थ, प्रकाश तुमच्या डब्यापर्यंत पोहोचतच नाही. रिसेटने प्रकाश येणार नाही. उलट आतलं सेटिंग पुसलं जाऊन कटकट वाढेल. वायर कुठे घडी पडून दुमडली आहे का, एवढं बाहेरून पाहा. ती काढू नका, आणि टोकाला डोळा तर मुळीच लावू नका. आतला लेझर दिसत नाही, म्हणूनच तो धोक्याचा.

आजच तक्रार नोंदवा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, पण त्यासाठी तक्रार क्रमांक हवा. तो लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ‘मुलगा पाठवतो’ हा तक्रार क्रमांक नव्हे.