रात्रीच्या ड्युटीत अँटिबायोटिक लिहिताना हात अडखळतो, हे चांगलंच आहे

प्रश्न : इंटर्नशिप संपवून मी एका प्राथमिक केंद्रात संध्याकाळी सातनंतरची ड्युटी करते. खोकला, घसा, कान, लघवीची जळजळ असेच रुग्ण जास्त. रांग मोठी, लॅब बंद, आणि मी दर दुसऱ्या कागदावर अँटिबायोटिक लिहिते आहे असं वाटतं. याचं रीतसर प्रशिक्षण असतं का? यात करिअर होतं का? की नोकरी सोडू?

उत्तर : औषधांची नावं आणि डोस तुला येतात. अडतंय ते रुग्ण पहिल्यांदाच समोर येतो, जुने कागद नाहीत आणि उद्या त्याला पाहणारी तू नसशील, तिथे. दिवसाच्या डॉक्टरला ‘परवा या, पाहू’ म्हणता येतं. तुला ते नीट म्हणता येत नाही, म्हणून हात अँटिबायोटिककडे जातो. त्यामुळे तुझं प्रशिक्षण मुख्यतः निर्णयाचं आणि बोलण्याचं असायला हवं.

घसा दुखत असेल तर डॉ. सेंटर (Centor) यांच्या नावाने ओळखले जाणारे चार निकष वापर : ताप, टॉन्सिलवर पांढरा थर, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं. शून्य किंवा एकच गुण असेल तर अँटिबायोटिक सहसा लागत नाही. छातीत कफ झाल्यावर येणारा खोकला तीन आठवडेसुद्धा रेंगाळतो. हे रुग्णाला आकड्यात सांग. ‘होईल कमी’ एवढंच ऐकलेला माणूस पाचव्या दिवशी घाबरून परत येतो आणि तेव्हाच्या डॉक्टरकडून गोळ्या घेऊन जातो. सोबत कधी थांबायचं नाही तेही सांग : धाप, थुंकीत रक्त, गुंगी, न उतरणारा ताप. हे बोलायला दोन मिनिटं लागतात, आणि रात्रीच्या ड्युटीत तीच सर्वांत मोलाची असतात असं माझं ठाम मत आहे.

एक राहिलंच. ‘पेशंटच मागतात’ असं आपण म्हणतो, पण पुष्कळांना फक्त ‘गंभीर काही नाही ना’ एवढंच ऐकायचं असतं. लिहिण्याआधी विचार, ‘तुम्हाला नेमकी कसली काळजी वाटतेय?’

मात्र कमी लिहिणं म्हणजेच चांगलं लिहिणं, असा समज करून घेऊ नकोस. श्वास वेगाने चाललाय, बोलण्यात गोंधळ आहे, बाळ दूध घेत नाही, तिथे वाट पाहायची नसते. रुग्णाला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवायचं.

अभ्यासाची सुरुवात जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘अवेअर’ पुस्तकापासून कर. डिसेंबर 2022 मध्ये आलेलं हे पुस्तक मोफत मिळतं. प्राथमिक उपचारात दिसणाऱ्या संसर्गांत औषध द्यायचं की नाही, कोणतं, किती दिवस, हे त्यात मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी वेगळं दिलंय. औषधांचे अ‍ॅक्सेस (आधी वापरायची), वॉच (जपून वापरायची) आणि रिझर्व्ह (शेवटचा उपाय म्हणून राखलेली) असे गटही समजतील. नेहमीच्या संसर्गात औषध लागलंच, तर शक्यतो पहिल्या गटातलं. संघटनेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत. पण एकटीने वाचून सवय बदलत नाही. महिन्यातून एकदा स्वतःची वीस प्रिस्क्रिप्शन्स काढ, रुग्णांची नावं झाक आणि एखाद्या सीनिअरसमोर बसून प्रत्येकाचं कारण सांग. पहिल्यांदा लाज वाटेल. तरी कर.

करिअर आहे. फॅमिली मेडिसिन, मायक्रोबायोलॉजी, क्लिनिकल फार्माकॉलॉजी, संसर्गजन्य आजार, सार्वजनिक आरोग्य, यातल्या कुठल्याही वाटेने अँटिमायक्रोबियल स्ट्युअर्डशिपच्या, म्हणजे अँटिबायोटिकसारखी औषधं गरजेपुरती आणि योग्य वापरली जातात ना हे पाहण्याच्या कामात जाता येतं. गरज किती आहे ते यावरून बघ : 2019 मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. आणि रात्रीची ओपीडी स्वतः केलेला माणूस या कामात फार उपयोगी पडतो, कारण नियम कुठे मोडतात ते त्याने पाहिलेलं असतं.

नोकरी लगेच सोडू नकोस. आधी प्रमुखांना विचार : केंद्रात लेखी मार्गदर्शिका आहे का, आणि रात्री अकराला शंका आली तर मी फोन कुणाला करायचा? दुसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचं नाव मिळालं तर निदान वर्षभर तिथेच राहा. नाही मिळालं, तर दुसरी जागा शोधायला लाग.