गोळ्या चालू आहेत, तरी विषाणू डोकं खातो का?

"गोळ्या वेळेवर घेतो, रिपोर्टही चांगला आहे, पण हल्ली फार विसरायला होतं. एचआयव्ही मेंदूत गेला असेल का?" एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचारांच्या केंद्रात, काम करणाऱ्या समुपदेशकाला हा प्रश्न नेहमी ऐकायला मिळतो. बहुतेक जण तो उठून निघताना, दाराशी थांबून विचारतात. मला तेव्हा त्यांना पुन्हा बसवावंसं वाटतं, कारण उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही. म्हणून एका भाऊंबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भाऊ पन्नाशीचे, कळमन्याच्या धान्यबाजारात अडत्याकडे हिशेब लिहिणारे. त्यांचे उपचार २०१२ पासून चालू आहेत. वहिनींची तपासणी निगेटिव्ह. त्या दिवशी दोघंही आले. भाऊंनी एकाच मालाची पोती दोनदा लिहिली होती आणि मालकासमोर फार ओशाळले होते. त्यातच कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी ऐकलं, की या विषाणूचं वरचं आवरणच विषारी असतं, ते सुटून मेंदूत जातं आणि विषाणू दबला तरी आपलं काम करत राहतं.

"मॅडम, गोळ्या घेऊन बी तो आतून डोकं खातच राह्यते म्हणे. मंग काहून घ्यायच्या?"

मी घाबरले ती या शेवटच्या वाक्याने. वहिनी हळूच म्हणाल्या, "चार दिवस झाले जी, घेतल्याच नाहीत यांनी."

व्हिडिओतलं सगळं खोटं आहे असं सांगणं सोपं होतं. पण ते खोटं नव्हतं, अर्धवट होतं, आणि अर्धवट माहितीने घाबरलेल्या माणसाला पूर्ण माहितीच द्यावी लागते.

एचआयव्हीच्या आवरणावर प्रथिनाचे थोडेसे खुंट असतात. त्यातल्या बाहेरच्या भागाला जीपी-१२० म्हणतात आणि आत रुतलेल्या भागाला जीपी-४१. जीपी-१२० आपल्या सीडी-४ पेशीला, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका पांढऱ्या पेशीला, तिच्यावरच्या सीडी-४ या खुणेला धरून चिकटतो, आपला आकार बदलतो, पेशीवरची आणखी एक खूण पकडतो. मग जीपी-४१ पुढे होऊन विषाणूचं आवरण आणि पेशीचं आवरण एकमेकांत मिसळवतो आणि विषाणू आत शिरतो. या खुंटांवर साखरेच्या रेणूंचं दाट कवच असतं. त्यामुळे आपल्या प्रतिपिंडांना ते नीट पकडता येत नाहीत. लस बनवणं इतकं अवघड जाण्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

भाऊ मूळचे काटोलकडचे, शेतीतले. म्हणून त्यांना सराट्याचं उदाहरण दिलं. सराटा पायात रुततो, उपटून फेकला तरी एखादा काटा तुटून आत राहतो आणि ठणकत राहतो. जीपी-१२० सुद्धा विषाणूपासून सुटतो. तो ज्या निरोगी सीडी-४ पेशींना चिकटतो, त्यांच्यात विषाणू शिरलेला नसतो, तरी त्या मरू शकतात. कधी त्या पेशी स्वतःलाच संपवतात, कधी आपलीच प्रतिकारशक्ती त्यांना बाधित समजून मारते. उपचार नसताना सीडी-४ इतक्या झपाट्याने का घसरतात, याचं काही अंशी उत्तर इथे आहे.

मेंदूचं थोडं वेगळं आहे. मेंदूतल्या मज्जापेशींवर सीडी-४ ही खूण नसते, त्यामुळे त्यांना थेट लागण होत नाही. विषाणू रक्तातल्या बाधित पांढऱ्या पेशींबरोबर मेंदूत पोचतो आणि तिथल्या राखणदार पेशींमध्ये, म्हणजे मायक्रोग्लियामध्ये, ठाण मांडतो. मग त्या पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडतात. त्यात जीपी-१२० ची भर पडली की मज्जापेशी जास्त उत्तेजित होतात, त्यांच्यात कॅल्शियम भरतं आणि त्यांचे धागे झिजतात. फक्त हे प्रथिन मेंदूत तयार होईल अशा उंदरांवरचा प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मेंदूत एचआयव्हीच्या रुग्णांसारखेच बदल दिसले. पायांना मुंग्या येणं, तळवे जळणं, यातही या प्रथिनाचा वाटा मानला जातो.

भाऊ म्हणाले, "म्हणजे खरंच आहे ना!"

आता खरी गोष्ट. हे प्रथिन आपोआप बनत नाही, विषाणूने बाधित पेशी ते बनवते. डोल्युटेग्राविर असलेली रोजची गोळी आवरणावर काम करत नाही. ती विषाणूला नव्या पेशींचा ताबा घेऊ देत नाही. रोज लाखो पेशी बाधित होण्याऐवजी काही जुन्या पेशी तेवढ्या उरतात, बहुतेक सुप्त. त्यातल्या काही थोडंफार प्रथिन बनवत राहू शकतात, हे मी भाऊंपासून लपवलं नाही. उपचार नीट चालू असलेल्या काहींना विचारांचा किंचित मंदपणा जाणवतो, विशेषतः उपचार सुरू करताना सीडी-४ फारच कमी झाले होते त्यांना. भाऊंचे तेव्हा दोनशेच्या खाली गेले होते. पण पूर्वी दिसायचा तसा गंभीर स्मृतिभ्रंश आता नियमित गोळी घेणाऱ्यांत क्वचित आढळतो. आणि गोळी बंद केली, की काही आठवड्यांतच विषाणू उसळतो, त्याच्यासोबत तेच प्रथिन. ज्याची भीती वाटून गोळी सोडली, तेच पुन्हा भरभरून बनायला लागतं.

मग मी विसरण्याकडे वळले. झोप कशी आहे? रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. जेवण? मन लागत नाही. पायांना मुंग्या? हो, आणि तो त्यांनी एचआयव्हीचाच पुरावा धरला होता. मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, बरीच वर्षं चालू. ती दीर्घकाळ घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्याने विसरणंही होतं, मुंग्याही येतात. एआरटीची गोळी ते रात्रीच घेत. एफाविरेन्झ या जुन्या एचआयव्हीच्या गोळीच्या काळापासूनची ती सवय. डोल्युटेग्राविरने काही जणांची झोप उडते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी बी-१२, थायरॉइड, साखर आणि विषाणूभार, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासलं. रक्तात विषाणू आढळला नाही. बी-१२ बरंच खाली होतं. इंजेक्शनं सुरू झाली, गोळीची वेळ सकाळी केली. निराशेसाठी मी त्यांना आमच्याच मानसोपचार विभागात नेलं. वेडाचा शिक्का बसेल म्हणून ते आधी अडून बसले होते. काही महिन्यांनी हिशेब बरेच जुळू लागले, मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. वहिनी अजूनही सकाळी डबी उघडून पाहतात, आणि भाऊ आता रागावत नाहीत.

तेव्हा विसरणं वाढलं तर गोळी सोडू नका. झोप, दारू, बी-१२, थायरॉइड, मन, सगळं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. मात्र तापासोबत तीव्र डोकेदुखी, झटके, एका बाजूला अशक्तपणा, बोलण्यात अचानक गोंधळ, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मेंदूचा टीबी किंवा दुसरा संसर्ग असू शकतो आणि तो वेळेत सापडला तर त्यावर इलाज आहे. कुणाशी बोलायचं असेल, तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. तो मोफत आहे आणि नाव सांगावं लागत नाही.