दरखास्तीतल्या आदेशावर जिल्हा न्यायालयात जाऊ नका

तुमचा प्रश्न असा आहे: सहमतीच्या घटस्फोटात फ्लॅट कोणाचा हे ठरलं, समोरच्याने शब्द पाळला नाही म्हणून कौटुंबिक न्यायालयात दरखास्त (कोर्टाचा निर्णय अमलात आणून घेण्याचा अर्ज) झाली. आता त्या दरखास्तीवरच्या आदेशाविरुद्ध जिल्हा न्यायालयात जायचं की उच्च न्यायालयात?

उच्च न्यायालयात. दुसरीकडे कुठेही नाही. माझे सात महिने याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरात गेले.

आमच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे सहमतीच्या लेखी अटींमध्ये, फ्लॅट माझा, उरलेले हप्ते मी भरायचे आणि 'पती नोंदणीच्या कामी सहकार्य करील' असं लिहिलं होतं. हप्ते मी फेडले. हक्कसोडपत्रावर सही करायला तो आलाच नाही. दरखास्त टाकली, तर 'सहकार्य' म्हणजे सही असं हुकूमनाम्यात (त्या अटींवर कोर्टाने दिलेल्या डिक्रीत) कुठे म्हटलंय, असं त्याच्या वकिलांनी विचारलं आणि दरखास्त निकाली निघाली. हुकूमनाम्याच्या पलीकडे दरखास्तीचं कोर्ट जाऊ शकत नाही, हे खरंच आहे. पण फ्लॅट माझा म्हटल्यावर सही त्यात आलीच ना?

तेव्हा मामा मध्ये पडला. तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेला माणूस. "खालच्या कोर्टावर जिल्हा कोर्ट, हे मला कोण शिकवणार?" मी म्हटलं, १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात कलम १९ वाचलंय, त्यात उच्च न्यायालय लिहिलंय. आई म्हणाली, मोठ्यांचं ऐक. ऐकलं. वकीलही मामाच्याच ओळखीचे. सात महिन्यांनी जिल्हा न्यायालयाने सांगितलं, आम्हाला अधिकार नाही. कसा असेल? कौटुंबिक न्यायालयाला त्या कायद्याने जिल्हा न्यायालयाचेच अधिकार दिलेत.

मग मुंबईला उच्च न्यायालयात गेले. उशीर माफ करून घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला आणि त्यात मामाच्या चुकीचं सगळं रामायण प्रतिज्ञापत्रावर लिहावं लागलं. आदेश रद्द होऊन दरखास्त परत खाली आली. शेवटी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३४ प्रमाणे मी मसुदा दिला, त्याला हरकतीची मुदत मिळाली आणि त्याच्या जागी कोर्टाच्या अधिकाऱ्याने सही केली. उपनिबंधक कार्यालयातून पावती हातात पडली त्या संध्याकाळी मी घरी येऊन नुसती बसून होते.

मामा अजूनही लग्नकार्यात सांगतो की कोर्टाची वाट त्यानेच दाखवली. म्हणून इथे स्पष्ट लिहिते: कोर्टात नोकरी केलेल्या नातेवाइकाचा सल्ला आणि कायद्याचं कलम यांत फरक दिसला, तर कलम धरा. मोठ्यांचा मान त्यांना वाकून नमस्कार करून ठेवता येतो, त्यासाठी अपील चुकीच्या कोर्टात टाकायची गरज नसते.

आता तुमचं. आदेशाने दरखास्त कायमची निकाली निघाली असेल तर कलम १९ खाली अपील, ते दोन न्यायमूर्तींपुढे चालतं. आदेश मधल्या टप्प्यावरचा असेल तर अपील नाही, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयातच रिट याचिका. कलम १९ मध्ये मुदत ३० दिवसांची आहे. हिंदू विवाह कायद्यातल्या ९० दिवसांचं कोणी सांगितलं तरी तो वाद अंगावर घेऊ नका, ३० धरूनच चाला. आणि नुसतं अपील दाखल केल्याने खालची कारवाई थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

हो, एक राहिलं. तुमची तक्रार मूळ तडजोडीबद्दलच असेल, म्हणजे फसवून सही घेतली वगैरे, तर वरचं काही लागू नाही. सहमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही आणि वेगळा दावाही चालत नाही, ज्या कोर्टाने तो दिला तिथेच अर्ज करायचा. आणि तुमच्या जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय नसून हुकूमनामा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांचा असेल, तर वाट वेगळी. आदेशाच्या पहिल्या पानावर कोर्टाचं नाव काय आहे, ते आधी बघा.