झिंगलेला राक्षस

प्रश्न : काका, धान निघालं की आम्ही चौघं रात्री समाजमंदिरात फासे टाकून राजा-राक्षसाचा खेळ खेळतो. नियमांची वही मी मराठीत लिहिली. मित्रानं तिच्यात मोहफुलं खाऊन झिंगलेला, धोतर सुटलेला राक्षस काढला. दुसरा म्हणते, "याच्यानं भेवच निघून जाते." पान फाडू का?
— एक वाचक, ता. नागभीड

उत्तर : फाडू नको बाप्पा! फासे टाकून आपण कोणी दुसरंच असल्याचं सोंग घ्यायचे जे खेळ, त्यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा आजा, १९७४चा. खेळ चालवणाऱ्यासाठी १९७९ साली त्याचं जाडजूड पुस्तक निघालं, त्यात विल मॅकलीन यांची व्यंगचित्रं आहेत. एकात जादूगार न् योद्धे टेबलाभोवती बसून खेळताहेत, अन् त्यांचा खेळ कोणता? तर आपण नोकरदार, विद्यार्थी असल्याचा! हा खेळ म्हणजे नेमकं काय, ते त्या एका चित्रात कळतं.

मी वडसाकडचा. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालते. विनोदी नट नसला तर पहाटे तीनला अर्धा मंडप घोरत असते. पण नायकाची माय मरते त्या प्रवेशात या विनोदी नटाला कोणी आत सोडत नाही. तसंच कर. फाशांच्या कंटाळवाण्या तक्त्याशेजारी राक्षस खुशाल झिंगू दे. मसणवट्याच्या पानावर मात्र काळी शाई, बस. अन् चित्राखाली नियमही लिही : झिंगलेल्याचा वार दोननं कमी.

फक्त राक्षसाला तुमच्या मास्तरांची मिशी दिली असेल, तर वही शाळेत नेऊ नको.