एअरलूम टोमॅटोची चव खरंच वेगळी असते का? कुंडीत कोणती जात लावू?

चव वेगळी असते. एअरलूम म्हणजे पिढ्यान् पिढ्या बी धरून जपलेली, वारशाची जात. ‘की नुसतं महाग विकायचं नाव?’ असंही तुम्ही विचारलंय. हे मी सासरी इतकी वर्षं ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

न्यू जर्सीत आमच्या परसात मी चेरोकी पर्पल लावते. जांभळट तपकिरी साल, आत गर्द लाल, देठाजवळ हिरवा. आधी गोड लागतो, मग आंबट, आणि शेवटी किंचित धुरकट. एका गणपतीला नैवेद्याच्या कोशिंबिरीसाठी तेच चिरायला घेतले, तर थोरले भाऊजी पाहुण्यांसमोर म्हणाले, “हे नासलेत. वर कच्चे, खाली काळे.” लगेच दुकानातून गोल, लालभडक टोमॅटो आणवले. पाणचट कोशिंबीर पानात पडली. सगळे गप्प जेवले, मीही गप्प राहिले.

हे बी १९९० साली टेनेसीच्या जॉन ग्रीन यांनी टोमॅटोच्या जुन्या जाती जपणाऱ्या क्रेग लेहूलियर यांना टपालानं पाठवलं होतं. मूळचं चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांकडचं, असं सोबतच्या पत्रात होतं. कुणीतरी पिढ्यान् पिढ्या बी धरलं म्हणून ते माझ्यापर्यंत आलं. त्याला नासकं म्हणायचं?

आणि ‘वर कच्चे’ म्हणाल, तर देठाजवळचा तो हिरवा भाग कच्चेपणा नव्हेच. तिथे हरितद्रव्य जास्त असतं आणि त्यानं फळात साखर वाढते. एकसारखी लाल पिकणारी फळं दिसायला बरी, तोडायची वेळ ओळखायला सोपी, म्हणून गेल्या शतकात पैदासकारांनी तीच निवडली. पण त्या फळांत हे हरितद्रव्य वाढवणारं जनुकच निकामी असतं. २०१२ साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत हे संशोधन छापून आलंय. ज्या एकसारख्या रंगाचं भाऊजींना कौतुक, त्याच्यापायीच गोडी कमी झाली.

लावायचं म्हणाल तर मोठी कुंडी, भक्कम आधार आणि चेरोकी पर्पल. सॅन मार्झानो इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याचा, गराचा, शिजवायला उत्तम. कच्चा खाऊ नका. ग्रीन झेब्रा चविष्ट आहे, पण तो पैदासकार टॉम वॅग्नर यांनी १९८३ मध्ये बाजारात आणला. त्याला वारशाचा म्हणणं मला पटत नाही.

हो, या जाती तडकतात, रोगाला लवकर बळी पडतात, फळंही कमी देतात. रोजच्या आमटीला संकरित टोमॅटो चालतो.

पिकलेली फळं मात्र फ्रीजमध्ये ठेवू नका, गारठ्यानं वास मरतो. घरात कुणी ठेवलीच तर काढून ओट्यावर ठेवा, ठेवणारं माणूस कितीही मोठं असो.